लाल डोक्याच्या टाचण्या

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो. टाळणं सोपं होतं, कारण कुणी विचारतच नव्हतं. पण गेल्या उन्हाळ्यात घरातल्या एका लग्नात आमच्या वहिनींची नात रुखवताच्या रुमालाला लेस टाचत होती. दोरा ओढता ओढता तिच्या हातून तुटला. पोरगी हसत म्हणाली, "आमच्याकडं हातच जड. आज्जीचा होता, तिच्यावरून आला." सगळे हसले. मीही हसलो.

वहिनींचा हात जड नव्हता. हे जगात एकट्या मला माहीत आहे. आता ते नातीपर्यंत पोचलं असेल तर माझ्या गप्प बसण्याला काही मर्यादा हवी, म्हणून लिहायला बसलो.

आमचं गंगाखेडला कटलरीचं दुकान होतं. बांगड्या, गंगावनं, बटणं, काजळाच्या डब्या, दोऱ्याची रिळं, टाचण्या. पुढं दुकान, मागं घर. अण्णा, म्हणजे माझे थोरले भाऊ, खरेदीसाठी हैदराबाद-परभणी करायचे आणि मी गल्ल्यावर बसायचो. गिऱ्हाईक सगळं बायकांचं, त्यामुळं गावातली कुठलीही बातमी आधी आमच्या फळीवर उतरायची आणि मग पुढं जायची. घरात वहिनी, माझी बायको, आई आणि पोरं. वहिनी माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या असतील, पण लग्न होऊन आल्या तेव्हापासून मला त्यांनी धाकट्या भावासारखं वागवलं. म्हणजे चांगलं खाऊ घालायच्या आणि चारचौघांत थट्टा करायच्या.

विद्यापीठाच्या नामांतराची पहिली दंगल होऊन गेली होती आणि प्रश्न तसाच होता. कधी नामांतर करा म्हणून, कधी करू नका म्हणून, कुणी ना कुणी बंद पुकारायचं. एसटी थांबली की बाजार थंड. आम्ही दुकानाच्या फळ्या लावून आत बसायचो. अशाच एका बंदच्या दिवशी मागच्या दाराने अम्मा आल्या. त्यांचे यजमान स्टेशनवर सिग्नलच्या केबिनमध्ये कामाला. मूळच्या त्या थेट कन्याकुमारीच्या बाजूच्या. रेल्वेच्या बदल्यांत सिकंदराबादला बरीच वर्षं काढलेली, त्यामुळं त्यांची भाषा दखनी. त्यांना पांढरा बारीक दोरा आणि टाचण्या हव्या होत्या. टाचण्या किती, तर डबाभर. वहिनींनी विचारलं, एवढ्या टाचण्या कशाला, कुणावर करणी करायलाव का. अम्मांना करणी समजली नाही. त्या दुसऱ्या दिवशी उशी घेऊनच आल्या.

ती उशी आमच्या घरात कुणी विसरणार नाही. लोडासारखी गोल, आत गच्च भुस्सा, वर निळं कापड. कापडावर टोचून टोचून भोकं पाडलेला पुठ्ठा, तोच नकाशा. त्यावर टाचण्यांचं रान उभं, आणि त्यातून खाली लोंबणाऱ्या लाकडी बॉबिनांचा घोस. शिलाई मशीनची बॉबिन वेगळी. ही बोटाएवढी लांब, मधे बारीक, वरच्या टोकाला दोरा गुंडाळलेला. आमच्या बायकांनी पाहताक्षणी त्यांना विट्या म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव शेवटपर्यंत टिकलं. अम्मांच्या विट्या त्यांच्या आईकडून आलेल्या, हाताळून हाताळून गुळासारख्या झालेल्या.

त्या कामाला बसल्या की विट्यांचा कट कट आवाज व्हायचा. दोन जोड्या उचलायच्या, मधल्या दोन एकमेकींवरून टाकायच्या, मग पीळ, मग भोकात टाचणी, की पुढच्या जोड्या. सुई नाही, गाठ नाही. टाचणी आहे तोवर दोरा जागेवर, आणि ताण बरोबर असेल तर टाचणी काढल्यावरही जागेवर. नुसत्या हवेतून जाळी निघाल्यासारखी लेस निघायची. आई म्हणाली, कोळ्याला पगारावर ठेवल्यावानी दिसतंय.

दोन महिन्यांत आमच्या मागच्या पडवीत वर्ग भरू लागला. विट्या आमच्या सुताराने बाभळीच्या करून दिल्या. त्याआधी वहिनींनी तुराट्यांच्या करून पाहिल्या होत्या, पण त्या इतक्या हलक्या की दोरा ढिला पडायचा. मग वहिनींनी प्रत्येक तुराटीच्या खाली फुटक्या बांगडीचा तुकडा नाहीतर मणी बांधला. अम्मांनी ते पाहिलं आणि त्यांना मिठीच मारली. त्यांच्या मुलुखात नसलं तरी जगात कुठंतरी असंच करतात म्हणे. वजन विटीचं, हात नुसता सांगणारा. हे वहिनींना कुणी शिकवायच्या आधी कळलं होतं.

ताणाबद्दल अम्मांचं एकच वाक्य होतं. "खींचो नक्को, बिठाव. हल्लू." बायका ओढायच्या. ओढलं की काठ आत येतो आणि लेस चोळीच्या बाहीसारखी चुणते. घाबरून सैल सोडलं की भोकं वाकडी-तिकडी. टाचणी रोवल्यावर जोडी किंचित खाली आणायची, दोरा टाचणीला टेकला की थांबायचं. माझ्या बायकोने पहिले सहा महिने ओढण्यात घालवले. वहिनी पहिल्या आठवड्यापासून बसवत होत्या. त्यांची जाळी उन्हात धरली की भोकं ज्वारीच्या दाण्यासारखी सारखी दिसायची. मी गल्ल्यावर बसून दाराच्या फटीतून सगळं ऐकायचो, बघायचो. गिऱ्हाईक नसलं की आत जाऊन शहाणपणा शिकवायचो. "भावजी," वहिनी म्हणायच्या, "तुमी बांगड्या भरा. तितं तरी हात धरायला मिळतो." पडवी हसायची, मी कान लाल करून परत गल्ल्यावर.

वर्गाची लेस गावभर झाली. झबल्यांना, उशीच्या अभ्र्यांना, देव्हाऱ्याच्या पडद्याला. झरीहून एक शेतकरी आला, त्याला पोळ्याला बैलाच्या झुलीला लेस हवी होती. बायकांनी नाक मुरडलं, पण वहिनींनी हौसेने जाड दोऱ्याची करून दिली. पोळ्यानंतर तो पेढे घेऊन आला. म्हणाला, बैल मिरवणुकीत असा चालला जसा नवरदेवच, फक्त दुसऱ्या बैलाने मागून निम्मी लेस खाल्ली.

आता मूळ मुद्दा. लेसमध्ये सगळ्यात अवघड जागा म्हणजे कोपरा. चौकोनी रुमालाची पट्टी सरळ येते, मग काटकोनात वळते. उशी फिरवावी लागते, आणि इतका वेळ खाली लोंबणाऱ्या विट्या आता आडव्या ओढल्या जातात. तो आडवा ओढा तयार झालेल्या काठावर आला तर काठ आत बसतो. म्हणून अम्मा तिथं जास्तीच्या टाचण्या लावायला शिकवायच्या, आधाराच्या. त्यांना पुठ्ठ्यावर भोक नसतं. नकाशाच्या बाहेर, मोकळ्या कापडात त्या रोवायच्या आणि वळणाऱ्या जोड्या त्यांच्याभोवतून न्यायच्या, म्हणजे ओढा टाचणी घेते, लेस घेत नाही. पुढं पुरेसं काम झालं की त्या काढून टाकायच्या. लेसमध्ये त्यांची खूणही राहत नाही. बघणाऱ्याला वाटावं, ही टाचणी चुकून बाहेर पडली आहे, रिकामीच उभी आहे.

मलाही तसंच वाटलं.

अम्मांच्या यजमानांची बदली आली. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी त्यांना निघायचं होतं. अम्मांनी ठरवलं की आईची उशी आणि विट्या इथंच ठेवायच्या. घरात पोरी नव्हत्या, तिकडं सुनेला आवड नव्हती. जिचा कोपरा चांगला येईल तिला उशी, आणि वर्ग तिने चालवायचा. उशी कुणाला मिळणार हे सगळ्यांना माहीत होतं. वहिनींनाही. माझ्या बायकोचा कोपरा आधीच पुरा झाला होता, जरा बावळट पण सरळ. वहिनींनी अवघड नकाशा घेतला होता, पानांचा. त्या अर्ध्या वळणावर होत्या. कोपऱ्यावर असताना कुणाशी न बोलणारी ही बाई मला एवढंच म्हणाली होती, "भावजी, ही उशी आपल्या घरात राहिली तर मी म्हातारी होईस्तवर कुणाकडं काही मागणार न्हाई." वहिनींनी आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलेलं मी तेवढंच ऐकलं.

खंडेनवमीला आम्ही दुकानाची हत्यारं पूजतो. गज, कात्री, गल्ला, बांगड्यांचं मोजमाप. त्या वर्षी बायकांचा हट्ट की उश्याही मांडायच्या. मांडलेल्या वस्तूला दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही. पडवीच्या भिंतीला मी पांढरी चादर लावली आणि तिच्यावर झेंडूची माळ टाचायला घेतली. टाचण्या संपल्या. दुकानात टाचण्यांची अख्खी पेटी होती, पण कपाटाला हळदकुंकू लागून गेलं होतं. आता ते उघडलं असतं तर आईने माझीच पूजा केली असती. माळ एका बाजूने लोंबत होती. मी वहिनींची उशी उचलून पाटावर आणत होतो, तेव्हा तिच्यावर झाकायला टाकलेल्या कापडाच्या आडून मला नकाशाबाहेर उभ्या चार-पाच टाचण्या दिसल्या. कशातच नाहीत. म्हटलं, रिकाम्याच आहेत. काढल्या. दोरे जरा सैल पडले तेव्हा अंगठ्याने दाबून सारखे केले, वर कापड नीट पांघरलं, फूल ठेवलं. माळ फार सुंदर बसली. सगळ्यांनी नावाजली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अम्मा आल्या. पडवी भरलेली. चहा झाला, चिवडा झाला. मी दुकान बायकोच्या भावावर सोपवून दारात उभा, कारण हा सोहळा मला बघायचा होता. वहिनी पदर खोचून बसल्या. अम्मांची शिकवण अशी की, काम परत सुरू करताना आधी सगळ्या विट्यांना एकेकदा हलका हात लावून ताण बघायचा. वहिनींनी लावला. जोड्या ढिल्या लागल्या. त्यांना वाटलं असणार, उशी इकडून तिकडं नेताना सैल झाल्या. त्यांनी त्या बसवायला घेतल्या. हल्लू. आणि तो कोपरा आमच्या डोळ्यांदेखत आत आला, बटव्याचं तोंड आवळावं तसा.

अम्मा पुढं वाकल्या. बोटाने चाचपलं. "आधार नै लगाए, बेटी."

"लावल्या होत्या," वहिनी म्हणाल्या. "मी लावल्या होत्या, अम्मा."

"लगाए तो किधर गए?"

कुणीतरी म्हणालं, देवीने नेल्या असतील, सोनं लुटायच्या दिवशी. हशा पिकला. उशीवर भोकं शोधावीत तर त्या कापडात भोकांना काय तोटा. वहिनी एकदा उशीकडं, एकदा स्वतःच्या बोटांकडं बघत होत्या. त्यांच्या बरोबर डोक्यावर, चादरीवर, सुकलेल्या झेंडूत त्या टाचण्या चमकत होत्या. एकदा वर पाहिलं असतं तर दिसल्या असत्या. मी पाहिलं. मला तेव्हा, त्या क्षणी, सगळं कळलं. तोंड उघडलं. आणि अम्मा म्हणाल्या की मग उशी धाकटीला. माझ्या बायकोचा चेहरा असा उजळला की मी लग्नातही पाहिला नव्हता. मी तोंड मिटलं.

उसवून पुन्हा करायला वेळ नव्हता, सकाळी अम्मांची गाडी होती. वहिनींनी विट्या गोळा करून बाजूला ठेवल्या, हात वर केले आणि हसून म्हणाल्या, "जड हाय बाई हात माजा. भाकरी थापायचा हात ह्यो." सगळे पुन्हा हसले. मीही हसलो. टाचण्या काढल्या ही चूक होती. पण ते हसणं चूक नव्हती, ते मी केलं.

त्यानंतर वहिनींनी विटी हातात घेतली नाही. चिडून नाही, रुसून नाही. त्यांना खरंच पटलं की आपला हात जड आहे. बायको म्हणायची, "अक्का, बसा की." वहिनी म्हणायच्या, माझ्याच्यानं न्हाई जमायचं, मला कुटायला द्या, मळायला द्या. मिरच्या कांडताना, पुरण वाटताना, पोराला रट्टा देताना, "जड हाताचं काम माझ्याकडं" हा घरातला विनोद झाला. त्या स्वतःच तो सांगायच्या आणि स्वतःच सगळ्यात मोठ्याने हसायच्या. आणि वर्ग मात्र जोरात चालला. बायकोने मन लावून चालवला, याचं श्रेय तिचंच. देवगाव फाट्याहून पोरी एसटीने यायच्या. हे वाचून ती मला दोन दिवस जेवायला घालणार नाही, आणि तिसऱ्या दिवशी वाढताना काय बोलेल तेही मला ठाऊक आहे.

मी एक केलं. अण्णांना सांगून हैदराबादहून रंगीत काचेच्या डोक्याच्या टाचण्या आणवल्या. पांढऱ्या डोक्याच्या जाळीला, लाल डोक्याच्या आधाराला. म्हणजे कुणीही, अगदी कुणीही, लाल टाचणीला रिकामी समजणार नाही. बायको खूष झाली. पोरींनी माझं कौतुक केलं, की कधी विटी न धरलेल्या माणसाला हे सुचावं. नंतर त्या सगळ्या तसंच करू लागल्या. त्या कौतुकात वहिनी भाकरीचं पीठ मळत होत्या. न थांबता म्हणाल्या, "भावजी, ही अक्कल जरा आदी आली असती तर माझ्या दोन राहिल्या असत्या उशीवर." थट्टाच होती. मी दुकानात गिऱ्हाईक नसताना गिऱ्हाईक आलं म्हणून बाहेर गेलो.

नामांतर अखेर झालं त्याच सुमारास आमच्या वाटण्याही झाल्या, भांडण न होता. अण्णा आणि वहिनी मुलाकडं परभणीला गेले. मग दरवर्षी दसऱ्याला मी आपट्याची पानं घेऊन त्यांच्याकडं जायचो. सगळ्यांना वाटायचं, काय हे दिराचं प्रेम. प्रेम होतंच, पण मी सांगायला जायचो. बसमध्ये वाक्य जुळवायचो. पोचलो की पाया पडायचो, पानं द्यायचो, आणि वाक्य घशाशी आलं की पुरणपोळी यायची. एका वर्षी अण्णा समोरून हललेच नाहीत. एका वर्षी शेजारीण येऊन बसली आणि तिने आपल्या सुनेचं सगळं गाऱ्हाणं पुरं केलं. एका वर्षी कुणीच नव्हतं, फक्त आम्ही दोघं, आणि मी विचारलं, "पाऊस कसा झाला इकडं?"

शेवटच्या दसऱ्याला त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. उशीचा अभ्रा शिवायला घेतला होता, जुनीच लेस काठाला लावत होत्या. "भावजी, जरा टोक धरा," म्हणाल्या. मी लेसचं टोक धरलं. मी ओढून धरत होतो बहुतेक, कारण त्या न बघता म्हणाल्या, "खींचो नक्को. बिठाव." अम्मांच्या आवाजात, हुबेहूब. दोघं हसलो. त्यांची बोटं काठावरून जात होती, आणि त्या वयातही लेसला चुणी पडत नव्हती. मी बघत राहिलो.

मग त्या म्हणाल्या, "तुमी दरसाली काहीतरी सांगायला येता अन् न सांगता जाता. काय हाय ते?"

"काही नाही, वहिनी."

"बरं. पुढल्या दसऱ्याला सांगा मंग."

पुढच्या दसऱ्याला त्या नव्हत्या. त्यांच्या फोटोपुढं पानं ठेवली, हात जोडले, आणि तिथंही नातवंडं आजूबाजूला होती म्हणून गप्प राहिलो. बसमध्ये जुळवलेलं वाक्य फार मोठं नव्हतं. ते असं होतं:

वहिनी, तुम्ही टाचण्या लावल्या होत्या. त्या मी काढल्या, माळेला. तुमचा हात जड नव्हता. मला माफ करा.